ऋच्या जागी काना

मी रागीट आहे. लहानपणापासून आहे, आणि आता वय झाल्यावर लोक म्हणतात की राग कमी झाला असेल, तर तसं काही नाही. भाजीवाल्याशी भांडते, बँकेत भांडते, सुनेशी मात्र जपून भांडते. पण ज्या एका गोष्टीचा राग अजून उतरत नाही, ती दुसऱ्या कुणी केलेली नाही. ती मी केली. प्रेमानं केली, हे आणखी वाईट.

माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो, सोलापूरच्या कोर्टाबाहेर कडुलिंबाखाली मराठी टाईपरायटर घेऊन बसायचे. अर्ज, प्रतिज्ञापत्रं, वाटणीचे कागद. त्या झाडाखाली पाच-सहा जण तरी बसत, आणि तिथली रीत अशी की जागा कुणाच्याच नावावर नसायची. रोज येऊन बसतो, त्याची जागा. माणूस चार दिवस दिसला नाही तर बाकीचे घरी निरोप पाठवत, आजारपण असलं तर काही महिनेही थांबत. त्यानंतर मात्र शेजारचा आपलं टेबल हातभर सरकवायचा, आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नसे. अण्णांची जागा बुंध्याला लागून होती. सकाळी दहापासून दुपारी तीनपर्यंत सावली.

दुष्काळ नुकताच सरला होता. एका सकाळी अंघोळ करून उठताना अण्णा न्हाणीघरातच बसले ते उठेचनात. उजवी बाजू गेली. मंद्रूपहून काका आले, औषधं झाली, तेलं झाली, कुणी सांगितलेला पाला झाला. तोंड सरळ झालं, बोलणं परत आलं, पायही ओढत ओढत का होईना परत आला. उजवा हात आला नाही. तो मांडीवर पडून राहायचा आणि अण्णा त्याला डाव्या हातानं उचलून दुसरीकडे ठेवायचे.

तेव्हा मी अकरावी, म्हणजे त्या वेळची मॅट्रिक, होऊन घरी होते आणि एका क्लासात टायपिंग शिकत होते. मशीनची ओळख मला अण्णांमुळे आधीपासूनच. मग असं ठरलं की मी अण्णांबरोबर कोर्टात जायचं, त्यांनी सांगायचं आणि मी टाईप करायचं. जागा टिकली पाहिजे ना! चार-पाच आठवडे गेले मी. पण ते काही जमलं नाही. एरवी पक्षकाराचं ऐकता ऐकता अण्णांचा अर्ज तयार व्हायचा, खाडाखोड नाही. आता सांगताना ते अडखळायचे. "प्रस्तुत अर्जदार... थांब. नाही, खोड ते." शेवटी एकदा कंटाळून म्हणाले, "पोरी, माझं मराठी बोटांत आहे. तोंडात नाही ते."

त्यात अक्कलकोटकडचा एक म्हातारा आला. त्यानं सगळी हकीकत मला सांगितली, अण्णांकडे बघितलंसुद्धा नाही, आणि जाताना मला म्हणाला, "तुमचे वडील आजारी हायत तर घरी झोपवा की त्यांना, हितं उन्हात कशाला बसवताय?" अण्णा ते ऐकून हसले. घरी आल्यावर जेवले नाहीत. त्यांना स्वतःच्या हातानं टाईप करून त्या झाडाखाली बसायचं होतं. बाकी त्यांचं या जगाकडे काही मागणं नव्हतं.

उपाय सापडला तो मेस्त्रींमुळे. मेस्त्री म्हणजे टाईपरायटर दुरुस्त करणारे. घरी सगळे विणकाम करणारे, तेलुगू बोलणारे. भाऊ मागावर आणि हे एकटेच यंत्राच्या नादी लागलेले. अण्णांना बघायला म्हणून आले आणि बघत बसले मशीनकडे.

"मास्तर," ते म्हणाले, "तुमचा उजवा हात मारतोय कुठली अक्षरं जास्त? काना, र, स, न. बरोबर की नाही? आणि डावीकडे टोकाला काय आहे बघा. हा ऋ. ही पाव हिश्शाची खूण, ही टक्क्याची. आयुष्यात किती वेळा दाबला तुम्ही ऋ?"

"ऋण लिहिताना," अण्णा म्हणाले.

"ऋण नाही लिहायचं. कर्ज लिहायचं. झालं!"

अण्णा किती दिवसांनी मोठ्यानं हसले ते.

मेस्त्रींनी काय केलं ते सांगते. कळ दाबली की आतून एक दांडा उठतो आणि त्याच्या टोकाला चिकटवलेलं शिशाच्या रंगाचं छोटं अक्षर रिबनीवर आपटतं. त्या अक्षराला टाईप म्हणायचे. मेस्त्रींनी ते टाईप तापवून दांड्यावरून सोडवले आणि अदलाबदल केली. काना आला डावीकडे ऋच्या जागी, र आला पावाच्या जागी, स आणि न असेच कुठे कुठे. नवे टाईप मिळत नव्हते, म्हणून जे होते तेच इकडचे तिकडे. ऋ बिचारा उजवीकडे काना होता तिथं जाऊन बसला. कळांवरची अक्षरं मात्र तशीच राहिली. वरून बघितलं तर मशीन आधीसारखंच. ऋ दाबायचा आणि कागदावर काना उमटायचा.

मी म्हटलं, "कळांवर कागदाची अक्षरं चिकटवू का?"

"कशाला? मी कधी खाली बघितलंय?" अण्णा म्हणाले.

दोन महिने लागले त्यांना. आमच्या दोन खोल्या, त्यात सकाळी सूतमिलच्या भोंग्याबरोबर जे टकटक सुरू व्हायचं ते आईनं ताट पुढे ठेवेपर्यंत. आधी नुसती अक्षरं, मग शब्द, मग "मेहेरबान कोर्टास विनंती की". एक हात असला तरी ओळ संपल्यावर कॅरेज, म्हणजे कागदाचा रूळ, मागे ढकलायचा दांडा डावीकडेच असतो, तेवढं नशीब. कागद आणि कार्बन घालायला झाडाखालचा शेजारी मदत करीन म्हणाला. आणि खरंच गेले की हो अण्णा! टांग्यात मशीन मांडीवर घेऊन गेले. पहिल्या दिवशी दोन अर्ज झाले. परत येऊन आईला म्हणाले, "जागा आहे अजून." आईनं शिरा केला.

सहा-सात महिने ते असे बसले. हळू व्हायचं काम, पण लोक थांबायचे. आणि इथं माझं सुरू होतं.

मला सरकारी टायपिंगची परीक्षा द्यायची होती. क्लासात रोज एकच तास मशीन मिळायचं. बाकीचा सराव मी घरी करायचे, अण्णांच्या मशीनवर. आता ते मशीन अण्णांचं एकट्याचं झालं होतं. मी बसले की कानाच्या जागी ऋ, रच्या जागी पाव. त्यातून सराव कसला होणार, उलट बोटं बिघडायला लागली. क्लासात गेल्यावर हात डावीकडे जायला लागला. पहिल्या परीक्षेत मी नापास झाले. त्यात क्लासचे सर म्हणाले, पुढच्या वेळी मुलं जास्त आहेत, मशीनं कमी आहेत, ज्यांच्या घरी मशीन आहे त्यांनी आपलं घेऊन यायचं.

मी मशीन मागितलं नाही, अण्णांनी आपणहून दिलं, असं मी बरीच वर्षं लोकांना सांगितलं. खोटं आहे ते. मागितलं मी. मागितलं म्हणजे काय, जेवताना ताट बाजूला सारून ओरडले, "एका हाताच्या माणसापायी दोन हातांच्या माणसानं नापास व्हायचं का?"

आई भाकरी थापत होती, ती थांबली. "जीभ झडंल तुजी," म्हणाली.

अण्णा जेवून उठले. दुसऱ्या दिवशी सकाळी कपडे करून दारात उभे. म्हणाले, "टांगा बोलाव. मेस्त्रींकडे जाऊ. परीक्षेपुरतं पहिल्यासारखं करून घेऊ, मग परत बदलू. त्यात काय!"

मेस्त्रींनी करून दिलं, पण कुरकुरले. "मास्तर, हे काय खेळणं नाही. सारखं तापवलं की दांडा नरम पडतो. आणखी एकदा होईल. त्यानंतर नका आणू माझ्याकडे."

परीक्षेला अण्णा माझ्याबरोबर आले होते. मशीन आत गेलं आणि ते शाळेच्या ओट्यावर बसून राहिले. बाहेर आल्यावर म्हणाले, "तू मधे दोनदा थांबलीस. चाळीस मशीनं वाजत होती, पण आपलं ओळखू येतं."

पास झाले मी. आता अण्णांचं मशीन परत करून द्यायचं, बरोबर? पण लगेच एका सरकारी खात्यातून नोकरीसाठी बोलावणं येईल असं कळलं, आणि तिथंही टाईप करून दाखवायचं होतं. मी म्हटलं, "अण्णा, आणखी पंधरा दिवस." ते म्हणाले, "बरं." बोलावणं आलं महिन्यानं. मग दुसऱ्यांदा बोलावलं. "अण्णा, एवढं झालं की लगेच." "बरं." दर वेळी बरं. एकदा तरी ओरडायचं होतं त्यांनी माझ्यावर! ओरडणाऱ्या माणसाला ओरडण्याचीच भाषा कळते. "बरं" म्हणणाऱ्याचं मला काही कळतच नसे.

त्या दिवसांत अण्णा ओट्यावर बसून राहायचे. कोर्टाकडचा कुणी दिसला तर विचारायचे, "जागेवर कोण बसतंय?" तो म्हणायचा, "ठेवलीये अजून, मास्तर. पण या लवकर."

मला नोकरी लागली. साडेनऊला घर सोडायचं, संध्याकाळी सहाला परत. आता मशीन दिवसभर रिकामं होतं. मी अण्णांना म्हटलं, "आता घेऊ बदलून." अण्णा म्हणाले, "बघू. घाई काय आहे?"

मला वाटलं, रुसले. माझं ते ताटावरचं बोलणं त्यांच्या मनातून गेलं नाही, म्हणून बघू म्हणतायत. दुसऱ्या कुणी सरळ विचारलं असतं, अण्णा, रागावलात का? मी विचारलं नाही. विचारलं असतं तर माफी मागावी लागली असती, आणि ते माझ्या जिवावर आलं होतं. पुन्हा दोनदा विषय काढला, पुन्हा "बघू". आई चुलीकडे तोंड करून हसल्यासारखी वाटली, तर तिच्यावर डाफरले. मशीनची रिबन फिकी पडली होती तेही मी पाहिलं. जुनी झाली असेल म्हटलं आणि नवीन घालून ठेवली. डोळे उघडे असून माणूस किती आंधळा असावा!

तीनएक महिने असे गेले. मग मंद्रूपला चुलतभावाचं लग्न निघालं. अण्णा आणि आई शनिवारी सकाळी एसटीनं गेले, सोमवारी दुपारी येणार होते. मला रजा नव्हती, मी मागे राहिले. आणि मला सुचलं. कपाळ माझं, मलाच सुचलं. ते यायच्या आत मशीन बदलून आणायचं. माफी तोंडानं मागायला नको. अण्णा मशीनला बसतील, डावा हात ठेवतील आणि त्यांना कळेल.

रविवारी सकाळी मशीन टांग्यात घातलं आणि मेस्त्रींकडे नेलं. त्यांनी विचारलं, "मास्तरनी सांगितलं?"

"सांगितलं," मी म्हटलं.

"नीट विचार केलाय ना, अम्मा? हे शेवटचं हं. याच्यानंतर दांडे तुटतील, मशीन भंगारात जाईल."

"केलाय," म्हटलं.

दुपारपर्यंत ते मान खाली घालून बसले होते. मी समोर बसून एकेका टाईपची जागा तपासून घेतली. काना ऋच्या जागी. र पावाच्या जागी. एक ओळ टाईप करून बघितली, सरळ आली. फार आनंद झाला मला. घरी आणून मशीन पुसलं, तेल दिलं, आणि वर धुतलेला रुमाल घालून ठेवलं.

सोमवारी मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली. त्यांच्या आधी घरी पोचले. ती दोघं आली, आईनं पिशवी ठेवली, लग्नात कोण भेटलं ते सांगायला लागली. अण्णांचं लक्ष नव्हतं. ते दारातच टोपी काढून माझ्याकडे बघत होते. इतके खुश मी त्यांना आजारानंतर पाहिलेच नव्हते.

"आज घरी कशी तू?" म्हणाले. "बरंच झालं. ये इकडं, बस. तुला एक गंमत दाखवायची आहे. उद्यापर्यंत थांबणार होतो, पण आता नाही थांबवत."

मलाही हसू फुटत होतं. मला वाटलं, लग्नात मिळालेलं काहीतरी असेल. म्हटलं, "आधी तुम्ही दाखवा, मग मी."

ते मशीनपुढे बसले. रुमाल काढला. टेबलावरचा कागद डाव्या हातानं उचलून रोलरवर धरला, हनुवटीनं दाबला आणि गुंडी फिरवून एकट्यानं आत घातला. हे ते कधी शिकले? मी आईकडे बघितलं. आई पदर तोंडाला लावून उभी होती, डोळे भरलेले. अण्णांनी मान वर केली, खाली अजिबात न बघता, आणि डावा हात मशीनवर असा सोडला की तो या टोकापासून त्या टोकापर्यंत नुसता पळत सुटला. पार उजवीकडे जाऊन परत यायचा. केवढा वेग! दोन हात होते तेव्हाच्या निम्म्यानं तरी होता. एक ओळ, दोन ओळी, घंटी वाजली, कॅरेज ढकललं, तिसरी ओळ.

मग त्यांनी कागदाकडे बघितलं.

मी खांद्यावरून वाकून बघत होते. मेहेरबानमधला र नव्हता. काना नव्हता. तिथं ऋ होता, पावाची खूण होती, टक्का होता. तिन्ही ओळींत एक शब्द धड नव्हता. आणि मला तेव्हा एवढंच वाटलं की आता कळेल त्यांना मी काय केलंय, आता ते वळून माझ्याकडे बघतील. म्हणून मी वाट बघत थांबले.

अण्णांनी पुन्हा एक शब्द टाईप केला, सावकाश. तोही तसाच आला. त्यांनी हात उचलून डोळ्यांसमोर धरला. पंजा उघडला, मिटला, पुन्हा उघडला. बोटं एकेक करून हलवून बघितली. मग अगदी हळू, मला ऐकू जाऊ नये अशा आवाजात आईला म्हणाले, "अगं, डॉक्टरांना बोलाव. हाही गेला."

"नाही हो अण्णा!" मी किंचाळले. "मी बदललंय! काल मेस्त्रींकडून बदलून आणलंय, तुमच्यासाठी!"

त्यांना कळायला वेळ लागला. मग त्यांनी हात मांडीवर ठेवला, दुसऱ्या हाताच्या शेजारी. "अस्सं होय," म्हणाले. "बरं केलंस."

आईनं मला आत नेलं आणि सांगितलं. "तू हापिसात गेलीस की बसायचं ते. रोज. तुज्या अक्षरांवर, पहिल्या जागंवरच्या, डाव्या हातानं शिकत व्हते. पुन्हा मशीन मोडायला नगं, पोरीला लागलं तर तिलाबी चालंल, म्हनायचे. मला शपथ घातली व्हती सांगू नगंस म्हनून. उद्या मंगळवार, उद्यापास्नं कोर्टात जायचं ठरवलं व्हतं त्यांनी."

मी बाहेर येऊन म्हटलं, अण्णा, मी आत्ता जाते मेस्त्रींकडे, परत करून आणते. ते म्हणाले, "शेवटचं होतं ना ते?" त्यांना मेस्त्रींचं बोलणं माझ्यापेक्षा जास्त लक्षात होतं. मग मी म्हटलं, ही अक्षरं तुम्हाला येतच होती की, आठ दिवसांत परत येतील. "हो, येतील की," म्हणाले. प्रयत्नही केला त्यांनी, माझ्या समाधानासाठी केला असणार. पण हात आता उजवीकडे पळायचा, तिथून मागे ओढावा लागायचा. पाचव्या-सहाव्या दिवशी त्यांनी मशीनवर रुमाल टाकला. "डोकं नाही गं ऐकत," म्हणाले. महिन्याभरात झाडाखालचं टेबल सरकलं. निरोप सांगायला आलेल्या माणसाला अण्णांनी चहा दिला आणि म्हणाले, बरोबर आहे, किती दिवस ठेवणार?

नंतर ते चार वर्षं होते. मला कधी एका शब्दानं बोलले नाहीत. सगळे म्हणतात, तू चांगल्यासाठीच केलंस. केलं असेल. पण अण्णा आपला चांगला हात डोळ्यांसमोर धरून बोटं मोजत होते, तो हातही गेला असं त्यांना वाटत होतं, आणि त्या सबंध वेळात मी त्यांच्या मागे उभी राहून हसत होते.